मोठ्या रस्त्याने येतोय

क्लबच्या बसचे ड्रायव्हर मामा यांनी जन्मात फुटबॉलचा एक सामना पुरता पाहिला नव्हता. वीस-बावीस वर्षं ज्यांनी संघाला गावोगाव नेलं आणि आणलं, त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते धड सांगता येत नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे. मामांचं म्हणणं मात्र सरळ होतं. "सर्जनला दवाखान्यात सोडणारा ड्रायव्हर काय ऑपरेशनला उभा राहतो का?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करत. सामना सुरू झाला की ते स्टेडियमच्या मागे बस लावत, बादली काढत आणि काचा पुसायला घेत. आतल्या आरडाओरड्यावरून काय चाललंय ते त्यांना कळायचं. उरलंसुरलं संघ बसमध्ये चढताना कळायचं. जिंकलेली माणसं पायऱ्या धडाधड चढतात. हरलेली माणसं आपल्याच बसमध्ये परवानगी मागून आल्यासारखी चढतात.

क्लबच्या नोकरीआधी मामा सिमेंटचा ट्रक चालवायचे. "गोण्या आणि खेळाडू यांच्यात फरक एवढाच, की गोण्यांना गाडी लागत नाही," असं ते म्हणत, आणि ते खास करून गोलरक्षकाला ऐकू जाईल असं म्हणत. हा गोलरक्षक देवाने मोजायचं विसरून बनवल्यासारखा उंच होता. सगळे त्याला शिडी म्हणायचे, आणि मामा लाडात आले की शिडीराव. एवढा दांडगा गडी, पण बस घाटाला लागली की त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागची पहिली जागा कायमची त्याची. तिथे बसून तो समोरच्या रस्त्यावर नजर लावायचा आणि मामांशी गप्पा मारायचा. आईचा गुडघा, बहिणीची नोकरी, घरात शिरलेलं आणि आता जायचं नाव न घेणारं मांजर. मामांना खेळातलं काही कळत नाही, हेच त्याला आवडत असावं. बाकी जग त्याच्याशी फक्त खाल्लेल्या गोलांबद्दल बोलायचं.

मामांचा अभिमान म्हणजे मोठा रस्ता. बाहेरगावचा सामना आटोपून बस शहरात शिरली की ती बाजारातून, मोठ्या रस्त्यानेच यायची. संघ जिंको की हरो, त्यात बदल नाही. ही पद्धत मामांच्याही आधीपासूनची होती. बस दिसली की न्हावी कात्री घेऊन दुकानाबाहेर यायचा आणि अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग यायचं. फळवाली हात पुसून बसच्या अंगावर थाप मारायची. हरून आले असतील तर लोक शिव्याही घालायचे, पण त्या घरातल्या माणसाला घालतात तशा, जेवायला वाढता वाढता. घड्याळाच्या चौकात आलं की मामा तीनदा हॉर्न वाजवत, आणि चौकातल्या गर्दीतून ढोल तीनदा वाजत असे. हा ढोल वाजवणारा अलीकडची काही वर्षं मामांचाच मुलगा होता.

घरात त्याला बाब्या म्हणत. वय लग्नाला आलेलं, छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर काम, हाताची दहाही बोटं शाबूत, याचं त्याच्या आईला रोज कौतुक. पण छापखाना नुसता पोटापुरता. जीव सगळा स्टेडियमच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर, जिथे तो ढोल गळ्यात अडकवून शेकडो लोकांना गायला लावायचा. आणि हे वेड त्याला लावलं कुणी? बापानेच. लहानपणी मामा त्याला सुट्टीच्या दिवशी बसमध्ये घेऊन जायचे. इंजिनाच्या गरम झाकणावर सतरंजी टाकून तो झोपायचा, आणि जागा झाला की खेळाडूंच्या मांडीवरून फिरायचा. स्वतः कधी मैदानाकडे न फिरकलेल्या माणसाने पोराला मात्र पार त्यात बुडवून ठेवलं, आणि मग उतारवयात तक्रार करत बसला की पोरगं घरात टिकत नाही.

यंदाचा मोसम सुरुवातीपासूनच वाकड्यात शिरला होता. पहिला सामना हरले, तेव्हा नशीब म्हणाले. दुसरा हरले, तेव्हा पंच म्हणाले. मग प्रशिक्षक बदलला, मग दुसराही बदलला. वाजत-गाजत आणलेल्या नव्या आक्रमकाचं नाव लोकांनी 'पाहुणा' ठेवलं, कारण तो चेंडूजवळ क्वचित दिसायचा आणि आला तरी फार वेळ थांबायचा नाही. हिवाळा लागला तोवर संघ गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसला होता, आणि जिथे तिथे एकच बोलणं, आता पहिल्या श्रेणीतून खाली जाणार. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं वाटेल. पण त्या शहरात दुसरं होतंच काय? दोन गिरण्या बंद पडल्या होत्या, तिसरी शेवटच्या घटका मोजत होती. बाहेरगावी गेल्यावर 'अच्छा, तुम्ही त्या क्लबच्या गावचे' असं कुणी म्हणालं की माणसाची मान जरा ताठ व्हायची. तेवढंच उरलं होतं.

मोठ्या रस्त्यावरच्या शिव्या आता घरातल्या राहिल्या नाहीत. एकदा कुणीतरी बसवर रंग फेकला. एकदा पाहुण्याच्या खिडकीवर थुंकले. मॅनेजरसाहेबांनी मामांना कचेरीत बोलावून सांगितलं, की यापुढे हरलो तर बस कालव्याच्या रस्त्याने आणायची, गोदामांच्या मागून, थेट मागच्या दाराशी. आणि हे कुणाजवळ बोलायचं नाही.

"चोरासारखं?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्ही गाडी चालवा. क्लब आम्ही चालवतो."

"ते दिसतंयच की," असं मामांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या ओठावर असल्या पुष्कळ गोष्टी येऊन परत जातात.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. मामांच्या घरी एक जुनी रीत होती. परतीच्या वाटेवर डिझेलसाठी बस थांबली की मामा घरी फोन करत, आणि मामी त्या हिशेबाने जेवण गरम करायला ठेवत. मामांना जेवण चटका बसेल असं गरम लागायचं, आणि दुसऱ्यांदा गरम केलेलं ते ओळखायचे. असल्या खोडी पुरवणारी बायको मिळाली हे त्यांचं भाग्य, पण ते त्यांनी तोंडाने कधी कबूल केलं नाही. तर कालव्याचा रस्ता लांबचा, शिवाय खड्ड्यांचा. म्हणून हरल्या दिवशी मामा फोनवर म्हणायला लागले, "आज मागून येतोय, घाई करू नकोस." जगापासून रस्ता लपवणाऱ्या मामांच्या हे डोक्यातही आलं नाही, की आपण तो दर वेळी जाहीर करतोय. बायकोला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं, असं थोडंच कुणी धरतं. मामींचे हात नेहमी ओले, म्हणून फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, मोठ्या आवाजावर ठेवलेला. आणि टेबलाशी बाब्या.

बाप-लेकाची खडाजंगी रोजचीच झाली होती.

"तुम्ही त्यांना लपवून आणता, बाबा."

"मी बस चालवतो."

"आम्ही तिथे चौकात थंडीत उभे असतो. निदान तोंड तरी दाखवायला सांगा त्यांना."

"तुमच्यासारख्यांना तोंड दाखवून काय, थुंकून घ्यायचं?"

"मी थुंकलो नाही कधी!"

"मग थुंकणाऱ्यांच्या पुढे ढोल कोण वाजवतं?"

अशा वेळी मामी मधे पडत आणि म्हणत, "चेंडूला दोघांनी मिळून एकदाच लाथ मारा आणि जेवायला बसा."

त्यानंतरच्या बाहेरगावच्या सामन्यात संघाने अर्धा डझन गोल खाल्ले. संध्याकाळी, उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा, बस कालव्याच्या रस्त्याला लागली आणि गोदामांच्या वळणावर मामांनी करकचून ब्रेक मारला. समोर माणसं उभी होती, रस्ताभर. लाकडी खोकी आडवी टाकली होती. कुणी ओरडत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

मॅनेजरसाहेब मागून म्हणाले, "काच उघडू नका."

मामांनी काच उघडली. आता त्यांचा स्वभाव. दिवसभर चालवून कंबर मोडलेली, शिवाय आपल्याच शहरात आपलीच बस अडवलेली. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि गरजले, "बाजूला व्हा! नाहीतर गाडी अंगावर घालीन, सांगून ठेवतो!" ट्रकवर असताना हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. इथे ते म्हणायचं नव्हतं. समोर न्हावी होता, घराखालचा सायकलवाला होता, एकेकाळी बसवर प्रेमाने थाप मारणारी माणसं होती. गर्दीतून एकच आरोळी उठली. आणि त्याच वेळी, हेडलाइटच्या उजेडात, सगळ्यांच्या पुढे मामांना आपला मुलगा दिसला. त्याचा हात वर गेलेला होता.

"बाब्या!" मामा ओरडले.

कानाशी काहीतरी फटकन वाजलं. आधी मामांना कळलंच नाही. मग दिसलं, की त्यांचं डोकं आणि उघडी खिडकी यांच्यामध्ये एक मोठा पंजा आहे, पाठीमागून आलेला. दगड त्या पंजावर आपटून पायाशी, क्लचजवळ पडला होता. पंजा शिडीचा होता. तो मामांना काच लावा म्हणून सांगायला पुढे झुकला होता, आणि येणाऱ्या गोष्टीपुढे हात घालायचा, एवढं एकच काम तो लहानपणापासून शिकला होता. त्या दिवशी त्याने अर्धा डझन गोल सोडले होते. हा एक अडवला.

दोन बोटं मोडली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पूर्वीसारखी मिटतील असं सांगता येत नाही.

पोलीस आले, तेव्हा शिडी दवाखान्यात बाकावर बसला होता, हात मांडीवर ठेवून, आणि मामा त्याच्या शेजारी. पोलिसाने मामांना विचारलं, गर्दीत कुणी ओळखीचं दिसलं का. मामा म्हणाले, "नाही. अंधार होता." अंधार नव्हता. मग पोलिसाने तेच शिडीला विचारलं. बाब्या कोण हे शिडीला चांगलं माहीत होतं. याच बाब्याबद्दलच्या मामांच्या सत्तर तक्रारी त्याने पहिल्या जागेवर बसून ऐकल्या होत्या. आणि मामांची ती हाकही त्याच्या कानाजवळच उठली होती. शिडी भिंतीकडे बघत म्हणाला, "मला बसमध्ये मळमळतं हो. मी डोळे मिटून बसतो."

हा तर उघड उघड खोटेपणा होता. मळमळतं म्हणूनच तो डोळे कधी मिटत नसे.

त्या दिवसापासून मामांची झोप गेली. त्यांनी एक आशा मनात धरून ठेवली होती, आणि ती ते दिवसातून दहादा तपासून बघत. हात वर होता, हे खरं. पण हातात काही होतं का? ते दिसलं नव्हतं. कदाचित तो मागच्यांना थांबवत असेल. माणूस थांबा म्हणताना हात वर करतोच की. छापखान्यात मशीन बंद करायची खूणही हात वर करूनच देतात, हे बाब्यानेच एकदा सांगितलं होतं. मुलाला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. त्या एका वाक्याचीच मामांना भीती होती. विचारलं नाही तोवर तो थांबवणारा मुलगा जिवंत होता.

बाब्याही काही बोलला नाही. त्याने ढोल कापडात गुंडाळून पलंगाखाली सारला. शहरात एवढंच कळलं होतं, की दगड बसमध्ये आला आणि गोलरक्षकाच्या हाताला लागला. कुठून आला, कसा लागला, ते मामांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मारला कुणी.

"तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" मामी विचारत. "एकाच घरात राहता आणि भाडेकरूंसारखे वावरता. एक आला की दुसरा उठतो."

"काही नाही," दोघंही म्हणत, आणि एवढ्यापुरतं बाप-लेकाचं एकमत होतं.

राखीव गोलरक्षक कष्टाळू होता, स्वभावाने गरीब होता, आणि गोलच्या बाबतीतही गरीबच होता, कुणालाही नाही म्हणायचा नाही. संघ हरत गेला. जिथे एका गुणाने जीव वाचला असता, तिथे तो एक गुण मिळेना. वर शहरात बोलायला सुरुवात झाली, की शिडीच्या बोटांना काही झालेलंच नाही, बुडत्या बोटीतून उडी मारायला निमित्त हवं होतं. घराखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो सायकलवाला एकदा वर चहाला आला आणि तेच बोलला. "अहो, सगळं नाटक. पट्टी काय, कुणीही बांधतं."

बाब्या ताटावरून उठला. जेवण अर्धं तसंच. त्याने सायकलवाल्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याच्या घशात चहा अडकला. मग काही न बोलता तो जिना उतरून गेला. मामांनी ते पाहिलं आणि त्यांच्या आशेचा एक मोठा तुकडा तिथल्या तिथे गळून पडला. निरपराध माणूस इतका चिडत नाही, आणि चिडला तर बोलतो तरी.

शिडी हाताला पट्टी बांधूनही संघाबरोबर प्रवासाला यायचा, आपल्या जागी बसायचा. गप्पा मात्र आटल्या होत्या. एकदा बस धुवायच्या शेडमध्ये तो एकटाच आधी येऊन बसला होता. मामांनी धीर केला.

"शिडीराव, तुम्ही त्या दिवशी पोलिसाला..."

"मामा, पुढे बघून चालवा."

"बस उभी आहे रे बाबा."

"तरी पुढे बघा," शिडी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग तोच म्हणाला, "मी पोलिसाला सांगणार नाही. ते माझं काम नाही. पण कुणाचं तरी आहे, मामा."

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला बस बाहेरगावी गेली, तेव्हा जिंकलो तरच वाचू अशी वेळ होती. मामांनी नेहमीप्रमाणे बादली काढली. काचा पुसल्या, मग पुसलेल्या काचा परत पुसल्या. आतून गर्जना आली, मग दुसरी आली, दोन्ही परक्या. सामना संपला आणि संघ चढला, तेव्हा पायऱ्यांवर आवाजच झाला नाही. शेवटी शिडी चढला. त्याचा करार संपला होता, क्लबने तो पुढे वाढवला नव्हता. वाढवणार तरी कसा, बोटं मिटत नव्हती. म्हणजे हा त्याचा या बसमधला शेवटचा प्रवास. तो जागेवर बसला, समोर बघू लागला आणि अगदी सहज म्हणाला, "मांजराला चार पिल्लं झाली, मामा."

मामांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ज्या माणसाने आपलं डोकं वाचवलं, त्याची रोजी आपल्या घरातून गेली. आणि क्लब, ज्याच्यासाठी पोराने हात उगारला, तोही त्याच हाताने खाली गेला. हे सगळं माहीत असून आपण काचा पुसत बसलो. मामांना स्वतःची किळस आली.

डिझेलसाठी बस थांबली. मामांनी फोन लावला.

"हरले ना?" मामी म्हणाल्या. "खाली सायकलवाला रडतोय. खरंच रडतोय हो."

"हो. ऐक. फोन फळीवरच आहे ना?"

"मग कुठे असणार? हात ओले आहेत माझे."

"मोठ्या रस्त्याने येतोय."

"काय? आज? अहो, लोक..."

"मोठ्या रस्त्याने येतोय," मामा पुन्हा म्हणाले, बहिऱ्याला सांगावं तशा आवाजात. "उजेड आहे तोवर घड्याळाच्या चौकात पोचेन. शिडी आहे गाडीत. उद्या तो जाणार, कायमचा."

पलीकडे क्षणभर नुसता नळाचा आवाज. मग खुर्ची सरकल्याचा, मग दाराचा.

"कोण गेलं गं?"

"बाब्या. चपला न घालताच गेला. काय चाललंय तुमचं?"

मामांनी फोन ठेवला.

शहराच्या तोंडाशी रस्ता फुटतो, डावीकडे कालवा, सरळ बाजार. मामांनी बस सरळ घेतली.

मॅनेजरसाहेब ताडकन उठले. "मामा, डावीकडे! कुठे चाललात?"

"रस्त्याने चाललोय, साहेब."

"उद्यापासून येऊ नका मग!"

"बरं," मामा म्हणाले. गंमत म्हणजे त्यांना हलकं वाटलं.

बाजारात माणसं होती. बस दिसताच ती दुकानांतून बाहेर आली. कुणी काही फेकलं नाही. न्हाव्याने बसकडे पाठ केली आणि तसाच उभा राहिला. फळवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होती, आणि बस अगदी जवळून जाताना तिने हात उचलला, पण थाप मारली नाही, नुसता पत्र्याला लावला. आत खेळाडू माना खाली घालून बसले होते. पाहुणासुद्धा रडत होता, आणि तो रडतोय हे पाहून बाकीच्यांना नवल वाटायलाही त्राण नव्हतं.

घड्याळाच्या चौकात मामांनी हॉर्न वाजवला, तीनदा. उत्तर आलं नाही.

मग गर्दी बाजूला झाली आणि बाब्या पुढे आला. ढोल नव्हता. अनवाणी होता, आणि दोन्ही हात उघडे, अंगापासून थोडे लांब धरलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मामांनी बस थांबवली, दार उघडलं. तो एकच पायरी चढला आणि थांबला.

"बाबा, तो..."

"मला नको सांगू," मामा म्हणाले. "त्याला सांग."

बाब्याने शिडीकडे पाहिलं. "दगड मी मारला होता."

थांबवणारा मुलगा इथे मेला. मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"माहीत आहे," शिडी म्हणाला.

"तुम्हाला लागावं असं नव्हतं मनात. शपथ. बाबा म्हणाले गाडी अंगावर घालतो, आणि माझं डोकं फिरलं. बसच्या पत्र्याला लागेल म्हणून भिरकावला. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून बसला होतात हे मला दिसलंच नाही."

"मी माझ्या खिडकीत नव्हतो. माझी काच बंद होती."

"मग हात...?"

शिडी जागेवरून पुढे झुकला. पट्टी आता निघाली होती, दोन बोटं अर्धवट वाकून तशीच राहिली होती. तो पंजा त्याने पाठीमागून पुढे आणला आणि मामांच्या खिडकीकडच्या कानाशी, केसांना जेमतेम लागेल असा, धरला.

"इथे होता," तो म्हणाला.

बाब्याने तो पंजा पाहिला. मग पंजाच्या मागचा कान पाहिला, कानावरचे पांढरे केस, कपाळाची शीर. तो बघतच राहिला. मग तो पायरीवरच बसला, लहानपणी इंजिनाच्या झाकणावर बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन.

शिडीने हात मागे घेतला. मॅनेजरसाहेब उभे होते, ते खाली बसले.

मग बाब्या म्हणाला, "मला चौकीपाशी सोडा, बाबा."

"सोडतो कशाला? मलाही उतरायचंय तिथे. अंधार होता, असं मी पोलिसाला खोटंच सांगितलं होतं."

मामांनी दार लावलं. बस चौकातून हळूहळू पुढे निघाली, आणि माणसं वाट देत गेली. घराचा जिना डाव्या हाताला मागे पडला. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. खिशातला फोन वाजला.

"अहो, बस खालून गेली की! मी सगळं गरम करून वाढायला घेतलंय. थांबला का नाहीत?"

"झाकून ठेव," मामा म्हणाले. "आज दोघांनाही उशीर होईल."